रोजनिशी कुणी लिहावी?

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावात रविवारी सकाळी उभे राहिले, तर पुण्या-मुंबईहून आलेल्या तरुणांची रीघ चोरदरवाजाच्या वाटेने गड चढताना दिसते. या तरुणांपैकी अनेकांना गडाचा इतिहास चांगला ठाऊक असतो. राजगड ही सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होती, १६५९ साली सईबाईंचे निधन याच गडावर झाले, १६७० साली राजारामांचा जन्म येथेच झाला, हे ते न अडखळता सांगतात. परंतु ज्या गावातून त्यांनी पहिले पाऊल टाकले, त्या गावातील भातखाचरांचे गेल्या पन्नास वर्षांत काय झाले? किती घरांतील कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईस गेले? कोणत्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, आणि कुणाची जमीन कोणत्या वर्षी कोणत्या भावाने शहरातील गिऱ्हाइकाच्या हाती गेली? याचे उत्तर त्या तरुणांजवळ नाही, यात नवल नाही. खेदाची गोष्ट ही, की वेल्हे-भोरच्या कोणत्याही गावी हे प्रश्न विचारले, तर गावकऱ्यांकडूनही सहसा तारीखवार उत्तर मिळत नाही. ‘लई वर्सं झाली’ एवढेच ऐकू येते. साडेतीनशे वर्षांपूर्वीची तारीख पक्की आहे आणि तीस वर्षांपूर्वीची मात्र हरवली आहे. असे का व्हावे?

याचे उत्तर याच परिसरात सापडते. भोर तालुक्यातील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. या घराण्यात ‘जेधे शकावली’ म्हणून ओळखला जाणारा एक लहानसा दस्तऐवज जपून ठेवलेला होता. १६१८ ते १६९७ या काळातील घटनांच्या त्यात तिथीवार नोंदी आहेत. एकेक नोंद एक-दोन ओळींची आहे. तीत वर्णनाचा फुलोरा नाही, स्तुती नाही. कोणत्या शकात, कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीस काय घडले, एवढेच आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोकमान्य टिळकांनी ही शकावली प्रसिद्ध केली आणि महाराष्ट्रातील इतिहासकारांत मोठा वाद उभा राहिला. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ साली झाला असे सर्वत्र मानले जात होते. शकावलीतील एका ओळीने तो शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाल्याचे सांगितले. पुढे ‘शिवभारत’ आणि राजस्थानात सापडलेली जन्मकुंडली यांनी त्या नोंदीस दुजोरा दिला. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने हीच तारीख मान्य केली. मोठमोठ्या बखरी एका बाजूस आणि खेड्यातील एका घराण्याची रोकडी नोंद दुसऱ्या बाजूस, अशा झगड्यात नोंद जिंकली. बखर नंतर, सांगोवांगीवर आणि कुणाच्या तरी मर्जीसाठी लिहिली जाते. नोंद मात्र गोष्ट ताजी असताना होते, यातच तिचे बळ आहे.

परंतु आपण समाजवादी आहोत, म्हणून आपणास पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. नोंद जेध्यांच्या वाड्यातच का झाली? त्यांच्या शेतात राबणाऱ्या कुळाच्या घरी का झाली नाही? लिहिता येणे न येणे हे एक कारण झाले. पण तेच सर्वस्व नव्हे. देशमुखांपाशी वतन होते. हक्क सांगायचा, टिकवायचा, वेळ आली तर राजदरबारी सिद्ध करायचा, तर तारखा हाताशी असाव्या लागत. ज्याच्या हाती काही राखण्यासारखे आहे, तो लिहून ठेवतो. पेशव्यांच्या दफ्तरात दिवसादिवसाची रोजकीर्द आहे. तिच्यातील निवडक भागाला न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रस्तावना लिहिली. सावकाराची चोपडी आहे, तलाठ्याचा सातबारा आहे, ठेकेदाराचा हजेरीपट आहे, पोलीस ठाण्याची डायरी आहे. राज्य करणारा आणि नफा कमावणारा असा प्रत्येक वर्ग रोजनिशी ठेवतो. तिच्यावाचून राहिला आहे तो राबणारा वर्ग. तंटा उभा राहिला, की एका बाजूस वही असते आणि दुसऱ्या बाजूस नुसती आठवण. न्याय कोणत्या पारड्यात पडतो, हे सांगायला नको.

हे केवळ तात्त्विक बोलणे नव्हे. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्री-पुरुष रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामांवर खडी फोडीत होते. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि कामाचा हक्क कागदावर तरी आला. त्या कामांवर ज्यांनी संघटना बांधल्या त्यांना ठाऊक आहे, की भांडणाचे मूळ बहुधा हजेरीपटात असे. मजूर म्हणे, ‘मी आठवडाभर आले’. पटावर दोन दिवसांचा खाडा लागलेला असे. ज्या टोळीतील एखादी शाळकरी पोर आपल्या आईची हजेरी वहीच्या मागच्या पानावर रोज लिहून ठेवी, त्या टोळीपुढे मुकादमाचा आवाज आपोआप खाली येई.

धरणग्रस्तांचा अनुभव याहून कडू आहे. शेजारच्या मुळशी पेट्यात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे घरोघर पोचले. त्या लढ्याचा इतिहास वि. म. भुस्कुटे यांच्यासारख्या सहभागी नेत्याने लिहून ठेवला म्हणून तो आपल्यापर्यंत आला. पण ज्या मावळ्याच्या डोळ्यांदेखत भाताचे खाचर बुडाले, त्याच्या घरातील दिवसांची नोंद कोठे आहे? त्यानंतर भाटघर झाले, पानशेत आणि वरसगाव झाले, गुंजवणी नदीवरही धरण झाले. पुनर्वसनाचे कायदे १९७६, १९८६ आणि १९९९ साली झाले. कायदा आला तरी विस्थापिताला पदोपदी सिद्ध करीत बसावे लागते: नोटीस कधी मिळाली, मोजणी कधी झाली, कुटुंबात तेव्हा किती सज्ञान माणसे होती, साहेबांनी कोणत्या सभेत कोणती जमीन दाखवली. वनहक्काचेही तेच आहे. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख निर्णायक ठरविली. त्या दिवशी जमीन कसत होतो, हे कातकऱ्याने किंवा महादेव कोळ्याने दाखवून द्यायचे. वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून चालतील अशी सोय नियमांत आहे, ही चांगली गोष्ट होय. परंतु त्या जबाबाला एका जुन्या वहीतील चार तारखांची जोड असती, तर किती दावे सहज तरले असते! साक्षीदाराने प्रसंगाच्या वेळी स्वतः केलेली टिपणे पाहून न्यायालयात आपली आठवण ताजी करावी, अशी तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. कायदा वहीला मान देतो. ती ठेवण्याचे मनावर आपणच घेत नाही.

येथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या प्रश्नावर आम्ही एका कार्यालयात शिष्टमंडळ घेऊन गेलो होतो. अधिकाऱ्यांनी चहा दिला, सविस्तर ऐकून घेतले आणि महिनाभरात काम सुरू करण्याचा शब्द दिला. आम्ही आनंदाने परतलो. गावात सभाही घेतली. दीड वर्षाने दुसरे अधिकारी आले आणि त्यांनी विचारले, ‘असा शब्द कुणी दिला? कोणत्या दिवशी? बरोबर कोण होते?’ आम्ही तिघे होतो; तिघांनी तीन महिने सांगितले. आमचे म्हणणे खरे होते, आणि तरीही आम्हीच खोटे पडलो. त्या रात्री घरी येऊन मी जी वही केली, ती आजतागायत चालू आहे.

हा झाला रोजनिशीचा बाहेरचा उपयोग. आतला उपयोग याहून मोठा आहे. राजकारणातील माणूस दिवसभर दुसऱ्यांशी बोलतो, आणि हळूहळू स्वतःशी बोलण्याची त्याची सवय मोडते. व्यासपीठावर तो जे म्हणतो तेच आपले मत, असे त्यालाही वाटू लागते. यावर रोजनिशीसारखा उतारा नाही. गांधीजी आश्रमवासीयांना रोजनिशी ठेवण्याचा आग्रह करीत तो यासाठीच. महादेवभाई देसाईंनी १९१७ पासून, १९४२ च्या ऑगस्टमध्ये आगाखान पॅलेसमध्ये मृत्यू येईपर्यंत, ज्या निष्ठेने नोंदी केल्या, त्या नसत्या तर गांधीजींचे कितीतरी विचार त्या दिवसाबरोबरच मावळले असते. आपल्या परंपरेतही उदाहरणे आहेत. ना. ग. गोरे यांनी बेचाळीसच्या आंदोलनानंतरच्या कारावासात लिहिलेली रोजनिशी ‘कारागृहाच्या भिंती’ या नावाने मराठी वाचकांस परिचित आहे. जयप्रकाशजींनी चंदिगडच्या बंदिवासात २१ जुलै १९७५ रोजी नोंदी लिहिण्यास आरंभ केला. त्या नोंदी १९७७ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या आरंभीच या लोकनायकाने सरकारवर आगपाखड करण्याऐवजी स्वतःचा अंदाज कोठे चुकला, याचा हिशेब मांडला आहे. लोकशाहीतील पंतप्रधान आंदोलन मोडण्यासाठी कायदे वापरील, पण लोकशाहीच गुंडाळील असे आपणास वाटले नव्हते, ही कबुली त्यांनी प्रथम स्वतःपाशी दिली. बंगळूरच्या तुरुंगात दम्याने जर्जर झालेल्या स्नेहलता रेड्डी यांनीही टिपणे ठेवली. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्या गेल्या. त्यांच्या त्या पानांनी आणीबाणीतील तुरुंग कसा होता, याची साक्ष दिली.

आता आपण आपल्याकडे पाहू. १९७७ साली समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला. त्या निर्णयाविषयी जुन्या साथींपैकी ज्यांना आज विचारावे, ते बहुतेक सांगतात, ‘माझा तेव्हाच विरोध होता.’ एवढ्या सगळ्यांचा विरोध असता, तर विलीनीकरण झाले कसे? हे साथी खोटे बोलतात असे नव्हे. माणसाची आठवण ही फार दयाळू असते. पुढे जे घडले त्याच्या उजेडात ती मागचे मत सावकाश दुरुस्त करून देते आणि आपणास पत्ताही लागू देत नाही. त्या उन्हाळ्यातील शंभर कार्यकर्त्यांच्या रोजनिश्या आज हाती असत्या, तर आपण का भुललो, कोणत्या आशेने भुललो, कोणती भीती बोलून दाखविली नाही, हे आपणास शिकता आले असते. चूक झाली यापेक्षा चुकीची नोंद राहिली नाही, हे नुकसान मोठे आहे. कारण नोंद नसलेली चूक पुन्हा करता येते.

स्त्रियांच्या बाबतीत वहीचे मोल आणखी वेगळे आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या लहानशा दुकानात बसून गिऱ्हाइकांमधल्या वेळात लिहीत आणि लिहिलेली पाने नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून लपवून ठेवीत. वीसेक वर्षे ते लिखाण तसेच पडून होते. नंतर ते ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या पुस्तकातून बाहेर आले, तेव्हा महार समाजातील बायकांनी काय सोसले आणि आंबेडकरांच्या चळवळीने त्यांना कसे उभे केले, हे महाराष्ट्राने वाचले. पतीपासून आणि जगापासून लपवलेली ती पाने आज सामाजिक इतिहासाचे साधन ठरली आहेत. सारे घर झोपल्यावर जी बाई चार ओळी लिहिते, तिला निदान एका जागी तरी कुणी मध्येच तोडत नाही. मनातील दुःख शब्दांत उतरविल्याने शरीरासही आराम पडतो, असे आता अभ्यासकही सांगतात. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील आघातांविषयी लिहायला लावले. जे घटना आणि भावना दोन्ही लिहीत होते, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढील सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. एका प्रयोगावरून रोजनिशीला औषध ठरवू नये. पण जात्यावर बसून मनातील सल ओवीत घालणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवीन काही वाटले नसते.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की रोजनिशी हा मध्यमवर्गीय चोचला आहे. स्वतःभोवती फिरण्याची व्यक्तिवादी हौस आहे. तशी रोजनिशी असते, हे मी नाकारीत नाही. परंतु चे गव्हेरा यांनी १९६६-६७ साली बोलिव्हियाच्या जंगलात, उपासमार आणि दमा सोसत रोज नोंदी केल्या आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी काय साधले आणि काय फसले याचा आढावा लिहिला, त्यास चोचला कोण म्हणेल? दुसरा आक्षेप वेळेचा. ज्यास चहाच्या टपरीवर तास घालवता येतो, त्यास पाच ओळींपुरता वेळ मिळतोच. तिसरा आक्षेप खरा गंभीर आहे: वही पोलिसांच्या हाती पडली तर? हा धोका काल्पनिक नाही. म्हणून ज्या नावांमुळे दुसऱ्याचे घर, नोकरी वा जीव धोक्यात येईल, ती नावे लिहू नयेत. कुणी विश्वासाने सांगितलेले गुपित कागदावर उतरवू नये. आपल्या रोजनिशीवर आपला हक्क आहे. दुसऱ्याच्या दुःखावर नाही. चौथा आक्षेप, निरक्षरांचे काय? ज्यास लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि घरातील शाळकरी मुलाने लिहावे. आजोबा बोलतात आणि नात लिहिते, यापरता दुसरा प्रौढशिक्षणाचा वर्ग कोणता?

कसे लिहावे, याविषयी दोन शब्द. वार आणि तारीख प्रथम लिहावी. नंतर जागा आणि हजर माणसे. मग जे पाहिले, ऐकले, दिले, घेतले ते आकड्यांसह लिहावे: मजुरी किती मिळाली, तांदूळ काय भावाने घेतला, पाऊस पडला की नाही, एसटी आली की नाही. कुणी शब्द दिला असेल, तर त्याच्याच शब्दांत. विशेषणे शक्य तितकी टाळावीत. ‘प्रचंड सभा’ असे न लिहिता अदमासे डोकी मोजावीत. शेवटची एक ओळ स्वतःविषयी असावी, आणि ती खरी असावी: आज कोठे भ्यालो, कोठे खोटे बोललो, कुणावर विनाकारण चिडलो. मागचे पान कधीही खोडू नये; मत बदलले, तर नव्या तारखेस नवे मत लिहावे. एखादा दिवस चुकला म्हणून वही सोडू नये. महिनाअखेरीस मागे वळून वाचावे. मोबाईलवर टिपण ठेवणाऱ्यांनी ते जरूर ठेवावे. पण यंत्र बिघडले की टिपणही जाते, हे ध्यानात घेऊन निदान महत्त्वाचे तरी कागदावर उतरवावे.

पक्षानेही यात काही केले पाहिजे. प्रत्येक अभ्यासवर्गात रोजनिशीसाठी अर्धा तास राखून ठेवावा. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले, तेथे छापखाना नव्हता की पैसा नव्हता. रोज लिहिण्याचा ध्यास तेवढा होता. तो ध्यास आपल्या शिबिरांतून का उतरू नये? डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन साधने दिली. फावड्याने किती काम झाले, तुरुंगात कोण किती दिवस होते आणि मतपेटीने काय कौल दिला, हे लिहून ठेवल्यावाचून या तिन्हींचा हिशेब पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही.

शेवटी पुन्हा गुंजवण्याकडे येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत राजगड आहे. याचा अभिमान आपणा सर्वांस आहे. पण आता पायथ्याच्या गावांकडे योजना येतील, अधिकारी येतील, जमिनीचे दलाल येतील आणि पुढारी तर नक्कीच येतील. रस्ता, वाहनतळ, दुकानांचे गाळे, तरुणांना रोजगार, अशी आश्वासने दिली जातील आणि काही बंधनेही घातली जातील. ती कोणी दिली, कोणत्या तारखेस दिली, कोणत्या शब्दांत दिली, आणि त्या सभेत गावातील कोण काय बोलले? गडाच्या पूर्वेतिहासाच्या तारखा आपणास कारीच्या देशमुखांनी लिहून दिल्या. यापुढच्या तारखा गुंजवण्याच्या भातशेतकऱ्याने, गडावर ओझे वाहणाऱ्या पोराने, ताक आणि भाकरी विकणाऱ्या बाईने लिहिल्या पाहिजेत. त्यांना वही नेऊन देणे आणि पहिली तारीख त्यांच्याबरोबर बसून लिहिणे, हे आपले काम आहे. मात्र त्याआधी आपण स्वतः आज रात्री, झोपण्यापूर्वी, आपल्या पहिल्या पाच ओळी लिहिल्या पाहिजेत.